जाळीखालचा मृदंग

या मायबाप, जरा जवळ सरका. कीर्तनाला बसता तसंच मांडी घालून बसा. आमच्या परभणीतल्या गल्लीची गोष्ट सांगतो. ऐकून उठताना शेजारच्याचा हात धराल.

मी नगरपालिकेत इंजिनिअर होतो, त्या गल्लीच्या पावसाळी गटाराचं डिझाइन माझंच. रस्ता मध्ये उंच, कडांना उतरता. कडेला ठरावीक अंतरावर लोखंडी जाळ्या. प्रत्येक जाळीखाली कमरेइतका हौद, गाळ खाली बसावा म्हणून. पुढच्या हौदाकडं जाणारा पाइप मात्र घागरीच्या तोंडाएवढा. सप्त्यात मृदंग वाजवणारा बन्सीधर मला चिडवायचा, "काका, तुमच्या गटाराचं तोंड मोठं अन् घसा बारीक. आपल्या कीर्तनकार बुवासारखं!"

श्रावणातल्या एका दुपारी पाऊस असा कोसळला की जाळ्या पिशव्यांनी तुंबल्या. पाणी घरात शिरायला लागलं, म्हणून लोकांनी एक जाळी उचकटून बाजूला ठेवली. तिथं खुणेची काठी रोवायची राहून गेली. बन्सीधर गळ्यात मृदंग अडकवून देवळाकडं निघाला होता. त्याची बायको रोहिणी दारातून बघत होती. गढूळ पाण्यात त्याचं पाऊल चुकलं आणि तो दिसेनासा झाला.

पाणी ओसरल्यावर मी स्वतः हौदात उतरलो. गाळ, पिशव्या, त्याची एक चप्पल. पाइपात माझा खांदासुद्धा शिरेना. पुढचे सगळे हौद उपसले, नाला धुंडाळला. माणूस नाही, मृदंग नाही. शेवटी जाळी बसवून बोल्ट आवळले.

रोहिणी तिथून हलेना.

"काका, ते आत वाजवायलेत."

"माय, आत माणूस मावत न्हाई गं."

"कान तर लावा."

लावला. लोखंड गार होतं. खाली खरंच ठेका चालला होता. डावी बाजू तेवढी पोकळ वाजत होती.

"कणीक न्हाई लावलेली," रोहिणी पुटपुटली. मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापल्याशिवाय घुमारा येत नाही. ती कणीक रोज तीच मळून द्यायची. आताही ती घरात गेली, गोळा घेऊन आली आणि जाळीच्या फटीतून मनगट आत घातलं.

हात रिकामा वर आला. गोळा पडल्याचा आवाज आला नाही.

"घेतली," ती म्हणाली.

मग ठेका भरून घुमला. माझ्या तळपायाखालचा रस्ता थरथरला.

मी पांडुरंगाचं नाव घेतलं. "माय, घरी चल. पाया पडतो तुझ्या."

"कोणाच्या घरी जाऊ, काका? त्यांना वर काढा. न्हाईतर मला खाली सोडा."

मी बोल्ट काढायचा पाना आणायला धावलो.

परत आलो तर जाळीजवळ कोणी नव्हतं.

समोर ओट्यावर पार्वतीबाई भाजी निवडत बसल्या होत्या. "आत्ता तर इथंच होती की," त्या म्हणाल्या.

बोल्ट घट्ट होते. पान्यानं ते काढले.

हौद रिकामा.

पाइपाच्या आत, लांब कुठंतरी, मृदंग चालला होता. त्याच्या लयीत कोणीतरी टाळ्या देत होतं. बांगड्या भरल्या हातांनी.

मायबाप, कीर्तनात टाळ्या रंगात आल्या की क्षणभर आमच्या रोहिणीची आठवण करा.