महादेवगुरुजींची कवळी

"ताई, मले चोर म्हनून राह्यले हो!"

वरचे समोरचे दोन दात पडलेल्या सिंधूताई दारातच रडू लागल्या, आणि आल्हादचा चहा कपातच राहिला. आल्हाद म्हणजे मेहकरच्या खासगी तपासनीस धम्मशीला गवई यांचा मदतनीस. माणूस सोन्यासारखा, पण डोकं बैलगाडीच्या चालीनं चालायचं.

तासाभरात तिघं डोणगावला निवृत्त शिक्षक महादेवगुरुजींच्या घरी पोचली. गुरुजींच्या दिवंगत पत्नीची सोन्याची पोत दुपारी कपाटातून गेली होती. आळ आला स्वयंपाक करणाऱ्या सिंधूताईंवर. संध्याकाळपर्यंत पोत सापडली नाही, तर त्यांना पोलिसांत द्यायचं ठरलं होतं.

"गुरुजी झोपले, कवळी वाटीत ठेवली," सिंधूताई म्हणाल्या. "मी दळण घेऊन गिरणीवर गेली. आली तं कपाट उघडं!"

खाटेशेजारी ताटलीत अर्धा पेरू पडला होता. समोरच्या दातांनी करकचून तोडलेला; ठशांच्या मधोमध गराची एक बारीक उभी कड उरलेली.

"हा कोणी खाल्ला?" धम्मशीलाताईंनी विचारलं.

"मीच. झोपायच्या आधी." गुरुजी ताठ बसले. "या दातांनी मी ऊस सोलतो, विचारा गावाले!"

"मी तं रोज फोडी करून..." सिंधूताईंनी सुरुवात केली. गुरुजींनी डोळे वटारले, तशा त्या गप्प झाल्या.

सून शैलजा आली, ती सुजलेला गाल धरूनच. "दाढ ठणकतेय. सकाळपासून तोंड उघडत नाही, पेज पिऊन पडलेय," ती कशीबशी बोलली.

पुतण्या सहदेव ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा दातांनी फोडत बसला होता. हसला की समोरच्या दोन दातांमधली फट दिसायची.

"मी दिवसभर नांदुऱ्याले होतो. आत्ताच आलो. टाइमपास काऊन करता, ताई? द्या तिले पोलिसांत!"

"शैलजाबाईच! घरात त्याच होत्या," आल्हाद कुजबुजला.

धम्मशीलाताईंनी टोपलीतला एक पेरू गुरुजींच्या हातात दिला. "गुरुजी, असाच चावा घेऊन दाखवा."

गुरुजींनी चावा घेतला. वरची कवळी सुटून पेरूतच रुतली. गुरुजींची फजिती पाहून आल्हादनंच लाजून मान खाली घातली.

"कवळी हिरड्यांवर नुसती टेकलेली असते," धम्मशीलाताई म्हणाल्या. "समोरून जोर दिला की मागून उचकटते. म्हणून कवळीवाल्याला फोडी लागतात, दोन्ही बाजूंनी सावकाश चावाव्या लागतात. तेव्हा हा पेरू गुरुजींचा नाही. सिंधूताईंना समोरचे दात नाहीत, शैलजाताईंचं तोंड उघडत नाही. आणि मधली ही कड पडते दातांतल्या फटीमुळे. सहदेव, म्हणजे तू दुपारी नांदुऱ्याला नाही, इथंच होतास. काकांच्या फुशारकीवर तू विसंबलास. उष्टा पेरू त्यांच्याच नावावर खपेल, असं वाटलं ना तुला?"

आल्हादनं सहदेवची मोटारसायकल तपासली. डिकीत पोत सापडली.

गुरुजी बोळक्या तोंडानंच बोलले. "सिंधू, चुकलं माझं. लोक हसतील म्हनून पेरूचं खरं बोललो नाही."

"मले ठाऊक होतं, गुरुजी. म्हनूनच मीबी गप्प राह्यली," सिंधूताई म्हणाल्या. राग त्यांच्या आवाजात मावत नव्हता. "तुमची लाज राखाले गेली, अन् माह्या नावाले चोरीचा डाग लागत होता. तुमाले एक शबूद नाही बोलवला! उद्यापासून मी येनार नाही."

गुरुजी तसेच, कवळी न लावता, फाटकापर्यंत त्यांच्यामागे गेले. सारी गल्ली बघत होती. सिंधूताई थांबल्या नाहीत.