पेवातला उजेड

देवगव्हाणच्या राजवाड्यातल्या पेवातून मोतीराम वानखडे गुरुजींचं प्रेत दोराने वर काढलं, तेव्हा त्यांची नखं मातीने भरलेली होती. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. आत जुनी ज्वारी कुजली की विषारी हवा साचते, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि गुरुजी तर याच वाड्याचा इतिहास लिहीत होते!

"पिऊन उतरले असतील," हवालदार म्हणाला.

"माह्या बाबानं जन्मात दारूले हात नाई लावला!" गुरुजींची मुलगी प्रियदर्शनी कडाडली. "उद्या लोक म्हनतीन, मास्तर पिऊन मेला. मंग त्याईचं पुस्तक कोन वाचन?"

सहायक निरीक्षक माया तायडे वाड्याचे वारस यशोधनराव यांच्याकडे वळली.

"काल तुम्ही इथेच होता?"

"होतो ना. त्यांना आतली दगडी पाटी बघायची होती. आधी मी हा कंदील सोडला. तळाशी छान जळत होता, म्हणून ते उतरले."

"मग?"

"मग आवाजच आला नाही."

मायाने कंदील उचलला. तेल काठोकाठ, काच लखलखीत, वात पांढरीशुभ्र. तिने झाडलोट करणाऱ्या जाईबाईला बाजूला घेतलं.

"गुरुजींना नीट दिसायचं?"

"कायचं बाई! दोनी डोयात मोतीबिंदू. मले आवाजावरून वयखत."

"वाड्यात दिवे कसले लावता?"

"बॅटरीचेच. दिवायीले आनले सायबानं."

मायाने शेजारून दुसरा कंदील मागवला, पेटवला आणि सगळ्यांदेखत पेवात सोडला. दहा हातांवर ज्योत थरथरली आणि विझली.

"कालही हेच झालं असतं," ती म्हणाली. "तुमच्या कंदिलाची वात तर कधी पेटलीच नाही, यशोधनराव. तुम्ही बॅटरीचा दिवा सोडलात. अधू डोळ्यांना खाली उजेड दिसला. गुरुजी तुमच्या भरवशावर उतरले. नंतर तो दिवा ओढून घेतलात आणि इथे कंदील ठेवलात."

"मी कशाला मारू त्यांना?"

"गुरुजींच्या पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणासाठी. प्रियदर्शनीने ते मला दाखवलं. दुष्काळात धान्य मागायला आलेल्या अकरा मजुरांना तुमच्या पणजोबांनी याच पेवात उतरवून मारलं. गुरुजींना त्यांची नावं सापडली होती. त्यात गुरुजींच्या पणजोबांचंही नाव होतं. आणि तुम्ही तर पुढच्या महिन्यात त्याच पणजोबांचा पुतळा बसवणार होता."

यशोधनरावांनी मान वर केली. चेहऱ्यावर लाज म्हणून नव्हती. निर्लज्जपणाचीही काही हद्द असते, पण या माणसाने तीही सोडली होती.

"असल्या चिठोऱ्यांनी आमचं घराणं बुडवायचं?" ते म्हणाले.

हवालदाराने बेड्या काढल्या. प्रियदर्शनी पुढे आली.

"बाबाईनं आवाज देला असन ना तुमाले?"

"दिला. दोर ओढा म्हणाले."

"मंग?"

"मी म्हटलं, ती नावं आधी म्हणून दाखवा. अकराही म्हणा, मग ओढतो."

"म्हनली त्याईनं?"

"चार म्हटली," यशोधनराव म्हणाले.