तीन तारांचा डबा

डबा मी बनवला होता. रंगाचा, पाच लिटरचा. खिळ्यानं चारी बाजूंनी भोकं पाडली, वर तीन ठिकाणी तार ओवली आणि तिन्ही तारा वर पिळून कडी केली. आत बाभळीचा कोळसा. हातात धरा, कुठंही न्या, फिरता हीटर. मक्यात रानडुकरं येतात म्हणून त्या रात्री राखणीला माझी नि माझा दोस्त नवलची पाळी होती. दहावीला दोनदा बसून सायन्स आलं नाही, पण हे आलं.

मळ्याच्या वाटेवर झुलालआबांचा ओटा आहे. डबा झुलवत तिथं थांबलो, मिरवायला. आबांजवळ हितेंद्र बसलेला. हा सोनगीरकडचा, दिवाळीनंतर आबांनीच आणून मळ्यात कामाला ठेवलेला. चोवीस तास माकडटोपी, भुवयांपर्यंत. आंघोळ पण टोपीतच करतो, असं नवल म्हणतो. आज ती टोपी मी उडवणार, अशी आमची पैज. दोन कचोऱ्यांची.

मी डबा आबांच्या नाकापुढं झुलवला. "आबा, देखा. तुम्हना ट्रकमा असा हीटर व्हता का?"

आबा हसले नाहीत. "तीन तारा कोन्ही सांग्यात तुले?"

"कोन्ही नही. दोनवर डबा कलंडस."

"खाले ठेव. बठ."

आबा सांगत होते अहिराणीत, मी माझ्या पद्धतीनं सांगतो.

आबा हायवेवर ट्रक चालवायचे तेव्हा निंबा त्यांचा क्लीनर होता. नंतर तो सोनगीरजवळ आपल्या गावी शेती करायला लागला. बायको गेलेली, एकच पोरगा. त्यानंही असेच डबे बनवलेले, दोन. दोन हजार तेवीसची गोष्ट, जानेवारीची दहा तारीख, मंगळवार. अंगारकी होती. पोरगा एक डबा घेऊन संध्याकाळीच राखणीला गेला. अकराच्या पुढं थंडी वाढली. निंबाला वाटलं, त्याचा कोळसा विझला असेल. म्हणून दुसरा डबा पेटवला, तारांना धरला आणि निघाला. पावणेबारा झाले होते.

"एकलाच?" नवलनं विचारलं.

"एकलाच निंघना," आबा म्हणाले.

चंद्र मागं होता. निंबाची सावली पुढं पडायची, तिच्या हातात लोंबता डबा. गाव संपलं. विसाव्याचा दगड आला. मयत नेताना तिरडी जिथं खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात, तो. निंबाचा हात दुखत होता. त्यानं डबा दगडावर ठेवला, हात बदलला, परत उचलला.

"आठेच, त्या दगडवर, चुकना तो," आबा म्हणाले.

पुढं निघाला तर मागं पावलं. त्याला वाटलं, कुणी अंगारकीचा उपास सोडून शेतावर चाललं असेल. आवाज दिला. उत्तर नाही. पावलं एकाची नव्हती. चौघांची. एका तालात. वजन उचललेल्या माणसांची पडतात तशी.

नवल माझ्याजवळ सरकला. मी त्याला चिमटा काढला, पण मजा आली नाही.

निंबाच्या खांद्यावर काहीतरी पडलं. हलकं. कोरडं. त्यानं बाही पाहिली. गुलाल.

मग त्याच्या सावलीच्या दोन्ही बाजूंना सावल्या आल्या. दोन इकडं. दोन तिकडं. आणि त्यांच्या खांद्यांवर... आडवं... लांब...

आबांनी आमचा डबा जरा लांब सरकवला. डब्यात कोळसा तडकला.

"देखं त्यानी मांगे?" मी विचारलं.

"मयतना पुढे आग धरीसन चालस, तो कधी मांगे देखस का?"

तेव्हा मला कळलं. मयताच्या पुढं मडक्यात आग असते. तीन दोऱ्यांना टांगलेली. आणि ती धरणारा... घरचाच असतो. ज्याचं माणूस गेलं, तो.

निंबालाही तिथंच कळलं. आग आपल्या हातात. आपलं म्हणायला एकच माणूस.

त्याला वळायचं होतं. तोंड बघायचं होतं. मान अर्धी वळलीही...

नाही वळला. बाजूला पाटचारी होती, पाणी सुटलेलं. त्यानं डबा त्यात फेकला. चर्र झालं. वाफ आली. पावलं थांबली.

एकदम.

निंबा पळत सुटला. शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीचं दार आतून बंद. फटीत पोतं कोंबलेलं, वारा येऊ नये म्हणून. लाथा घालून दार तोडलं. आत तीन तारांचा डबा लालभडक, आणि पोरगा निपचित पडलेला. कोंडलेल्या कोळशाचा वायू दिसत नाही, वासही येत नाही. त्याला फरफटत बाहेर आणलं. बऱ्याच वेळानं त्यानं श्वास घेतला.

"वाचना?"

"वाचना."

"मंग भूत कोठे शे यामा?" मी म्हटलं. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं.

आबांनी हितेंद्रकडं पाहिलं. आम्हीही पाहिलं. हितेंद्रनं सावकाश टोपी वर सरकवली.

कपाळभर गुलाल.

"बाप गया तरी यो नही गया," तो म्हणाला. "पुसी देख, जितू."

मी अंगठ्यानं पुसला. निघाला. खाली साधं कपाळ, घामेजलेलं. मी हसणार होतो. डोळ्याची पापणी लवली असेल माझी... परत होता. तेवढाच. ताजा.

टोपी त्यानंच खाली ओढली. कचोऱ्यांचं नाव नवलनं काढलं नाही.

राखणीला आम्ही गेलो, न जाऊन सांगणार कुणाला. डबा आबांच्या ओट्यावरच राहिला. रात्रभर थंडीत काकडलो.

त्याला आठ दिवस झाले. साबण लावून झाला, राख लावून झाली, मोटरसायकलमधलं पेट्रोल लावून झालं. काल आईनं अंगठा पाहिला. "होळीले अजून येळ शे. कोठे रंग खेळना तू?"

"शाई शे," मी म्हटलं.

"शाळा सुटीसन वरीस व्हयनं तुले."

मी अंगठा मुठीत घेतला.