मास्तर अग्बोझोंनी न लिहिलेलं पत्र

सेथ अग्बोझो मास्तर जिना चढून आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. ते खुर्चीत बसले नाहीत. टेबलावर एक कागद ठेवून म्हणाले, "मॅडम, या पत्राखाली सही माझी आहे. पत्र माझं नाही."

किनाऱ्यावरच्या केटा गावात सित्सोफे तामाक्लो ही एकटीच खाजगी तपासनीस. तिच्या मदतीला गेर्शन, निवृत्त पोस्टमास्तर. त्याने चष्मा लावून पत्र मोठ्यानं वाचलं. "आमच्या माणसांत एकमत नाही. महिन्यांची जी नावं दिली, ती अर्ध्या लोकांची नाहीत. सबब आम्ही आमचं काम मागे घेत आहोत."

"कसलं काम?" सित्सोफेने विचारलं.

"फोनला आणि संगणकाला आपली एवे भाषा यायची, तर आधी एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो," मास्तर म्हणाले. शाळेत समजावून सांगावं तसं ते सावकाश बोलत होते. "तारीख कशी लिहायची, आठवडा कोणत्या वारी सुरू करायचा, महिन्यांना काय म्हणायचं. दोन वर्षं आम्ही तो भरतोय. परदेशात एक समिती आहे, ती तो मंजूर करते. हे पत्र टपालाने तिच्याकडे गेलं. खातरजमेसाठी त्यांनी ते मला परत धाडलं. उद्या दुपारपर्यंत माझा खुलासा पोचला नाही, तर एवे या खेपेतून बाद. पुढची खेप तीन वर्षांनी."

"मग कळवा ना, पत्र खोटं आहे म्हणून," गेर्शन म्हणाला.

"कळवलं. ते पुरावा मागतात. आणि इथले लोक म्हणतात, म्हातारा फिरला. काल बाजारात माझ्याच एका विद्यार्थिनीनं मला बघून तोंड फिरवलं. तिला मी अक्षरं शिकवली होती."

सित्सोफेने पत्र खिडकीच्या काचेला लावलं. वर ऑफिसचं नाव, त्याखाली तारीख, मग इंग्रजी मजकूर, सही, गोल शिक्का. बराच वेळ ती मजकूर सोडून कागदाच्या कडाच बघत होती.

"उजवीकडे कोरी जागा कमी आहे," ती म्हणाली. "अर्धं बोट. आणि खाली बोटभर जास्त."

"टपालात मी याहून वाकडी पत्रं पाहिलीत," गेर्शन म्हणाला.

ऑफिस म्हणजे चर्चच्या शाळेवरची एक खोली. खाडीवरून खारा वारा येत होता. आत तीन टेबलं, तीन संगणक, तीन माणसं.

पहिला वोर्लान्यो, ऑफिस सांभाळणारा. त्याने न विचारताच शिक्क्याचा खण उघडून दाखवला. "कुलूप नाही, मॅडम. इथं चोरण्यासारखं काय आहे?"

"आणि सही?"

"मास्तरांची सही लेटरहेडमध्येच घातलेली आहे. जिना चढणं त्यांना होत नाही ना. लेटरहेड उघडलं की सही येते, तारीखही यंत्रच घालतं. तिघांकडेही ते आहे." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "पण तारीख बघा. मजकूर इंग्रजी आणि तारीख एवे. समितीला लिहिताना आम्ही सगळंच इंग्रजीत लिहितो. तारीख एवेत घालायची सवय एकट्या मास्तरांना. समितीलाही मी हेच सांगितलं. वाईट वाटलं, पण खरं ते खरं."

"तुमचं एखादं पत्र दाखवा."

त्याच्या पत्रात तारीखही इंग्रजी होती, आणि कडा चारी बाजूंनी नीट होत्या.

दुसरे डॉक्टर एलिकेम, अमेरिकेतून वर्षभरासाठी आलेले. त्यांचा संगणकही तिकडचाच. त्यांच्या टेबलावरचे छापील कागद सित्सोफेने उचलले. उजवीकडे अर्धं बोट कमी, खाली बोटभर जास्त.

गेर्शनने तिला कोपरानं ढोसलं.

"तुमच्या यंत्रात कोणता देश लावलाय?" तिने विचारलं.

"अमेरिका. सगळं तिकडचंच," एलिकेम हसले. "तारखेत महिना आधी, दिवस मागाहून. वोर्लान्यो रोज टोमणे मारतो, की डॉक्टर, तुमचा जन्म नक्की कितव्या महिन्यातला? पण बदलायचा कंटाळा येतो."

तिसरी यायरा. डोंगराकडची, होहोएजवळची. दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी तिला स्वतः बोलावून आणलं होतं.

"ये डोंगरवाली," गेर्शन म्हणाला, "तुमच्याकडे मासे नाहीत म्हणून इकडे उतरलीस का?"

"तुमच्याकडे बोलायला कुणी शहाणं नव्हतं म्हणून बोलावलं, एफो," ती म्हणाली, वडीलधाऱ्याला 'दादा' म्हणावं तसं. पण हसली नाही.

तिचं काम चाचणीचं. फॉर्ममध्ये जे भरलं जाई ते आधी तिच्या संगणकावर चालवून बघायचं. "दोन वर्षं हा एवेतच चालतो. वार, आकडे, तारखा, सगळं. मी याला घरीही नेते. दुसऱ्या कुणाला पासवर्ड माहीत नाही, नाहीतर हे लोक भलतंच काही बटण दाबून ठेवतात."

"फॉर्म पुरा झाला?"

"जवळजवळ. शेवटच्या पानावरचं किरकोळ काही राहिलंय, कागदाचं माप वगैरे. भांडणं होतात ती महिन्यांवरून. कागदावरून कोण भांडतंय?"

"रिकामं ठेवलं तर?"

"तर यंत्र आपल्या कर्त्याच्या, म्हणजे ज्यानं ते बनवलं त्याच्या देशातलं घेतं. चालतं तसंच."

सित्सोफेने मान हलवली आणि मास्तरांना बोलावणं धाडलं. ते धापा टाकत जिना चढून आले.

"एफो गेर्शन," ती म्हणाली, "तुमचा संशय कुणावर?"

"डॉक्टरांवर. कडा जुळतात."

"जुळतात. अमेरिकेत कागद आपल्यापेक्षा थोडा रुंद आणि आखूड असतो. त्या मापानं मांडलेलं पत्र आपल्या कागदावर छापलं, की उजवीकडे जागा कमी पडते आणि खाली उरते. पण डॉक्टरांच्या यंत्रानं तारीख कशी घातली असती?"

गेर्शनने विचार केला. "इंग्रजीत. महिना आधी."

"आणि वोर्लान्योच्या?"

"इंग्रजीतच. पण त्याच्या कडा नीट असत्या."

"म्हणजे आपल्याला असं यंत्र हवं, जे तारीख एवेत घालतं आणि कागद अमेरिकेचा धरतं. असं एकच आहे. त्याला दोन वर्षं एवे शिकवली, फक्त कागदाचं माप शिकवायचं राहिलं. ते त्यानं आपल्या कर्त्याच्या देशातलं, म्हणजे अमेरिकेतलं घेतलं."

"पण तारीख मास्तरांची सवय..." वोर्लान्यो पुटपुटला.

"मास्तर हातानं लिहितात. ही यंत्रानं घातली. जिनं पत्र लिहिलं तिला ती खटकली नाही, कारण दोन वर्षं ती रोज अशीच तारीख पाहते. आपल्यापैकी दुसऱ्या कुणालाही ती लगेच खटकली असती."

यायराने संगणक मिटला. त्यावर दोन्ही हात ठेवून ती बसून राहिली.

"मला काम मोडायचं नव्हतं," ती म्हणाली. "थांबवायचं होतं. एकदा मंजूर झालं की आमच्याकडची मुलं महिन्यांची फोनमधली नावंच शिकणार. माझी आजी ज्या नावांनी पेरणी मोजायची, ती नावं चुकीची ठरणार. मला वाटलं, तुम्ही पत्र नाकाराल, थोडे दिवस घोळ चालेल. लोक तुमच्यावर उलटतील असं वाटलं नव्हतं."

"मला विचारायचंस," मास्तर म्हणाले.

"विचारलं होतं, मास्तर. तीनदा. तुम्ही म्हणालात, एका महिन्याला रकाना एकच आहे."

मास्तर खाली बसले. खिडकीतून शाळेच्या अंगणातला गलका ऐकू येत होता.

"हो," ते शेवटी म्हणाले. "म्हणालो होतो. तिसऱ्यांदा तर मी वरही पाहिलं नाही."

"पोलिसांत द्यायचं का?" वोर्लान्योने विचारलं.

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. "आधी समितीला पत्र. यायरा, ते तू लिही. तुझ्या नावानं, घडलं तसं. माझी बाजू मांडू नकोस, तुझीही नको."

तिने लिहिलं. अर्धा तास लागला. मास्तरांनी वाचलं, एक शब्द बदलला नाही, आणि वोर्लान्योने ते पाठवून दिलं.

"आता उद्या दुपारपर्यंत वेळ आहे," मास्तर म्हणाले. "रकाना एकच आहे, ते काही मला बदलता येत नाही. पण महिने बारा आहेत. एकेक घेऊ. जिथं तुमच्याकडचं नाव जास्त गावांत चालतं, तिथं तुमचं लिहू. जिथं आमचं चालतं, तिथं तू भांड, मी ऐकेन." त्यांनी पेन उघडलं. "पहिला सांग."

यायराने डोळे पुसले आणि नाव सांगितलं.

पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. चाळीस वर्षं एवे शिकवणाऱ्या त्या माणसाने हे नाव पूर्वी कधी लिहिलं नव्हतं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "हळू."