वारा सव्वीस

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी डोंगरावरच्या हवामान केंद्रात फोन वाजला. निरीक्षक मुलीने तो पहिल्याच घंटेला उचलला.

"वारा किती?" पलीकडून चष्मेवाल्याने विचारलं.

समोरच्या तबकडीवर काटा छत्तीसवर थरथरत होता. दहाच मिनिटांपूर्वी तिने तो आकडा वहीत लिहिला होता.

"सव्वीस," ती म्हणाली.

"नीट वाचलंत ना? त्या जुन्या चष्म्यातून..."

"नीट वाचलं."

"मग निघतो. नवा चष्मा तयार आहे. साडेआठपर्यंत वर. जीप कितीला येणार?"

"साडेदहाला."

"थांब हं—" तो अडखळला. "थांबा, म्हणजे. चष्मा द्यायचाय आणि... वर आल्यावर बोलतो."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत.

चौदा महिन्यांपूर्वी तो पहिल्यांदा आला तेव्हा सायकल हातात धरून चालत आला होता. चेन तुटली होती. त्याने पक्कड मागितली.

"इथवर सायकलने? वेड लागलंय का?" तिने विचारलं होतं.

"खालून निघालो तेव्हा नव्हतं लागलं. आत्ता लागेल असं दिसतंय."

"आधी चेन लावा."

चेन लावून झाली तरी तो तासभर पायरीवर बसून राहिला. गावात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. भिंगं तो स्वतः घासायचा. तबकडी वाचताना ती मान तिरकी करते, हे त्याने त्याच दिवशी सांगितलं.

"बरंच बघता तुम्ही."

"धंदाच आहे माझा."

रस्त्याला बारा वळणं. आठव्यापर्यंत झाडी आहे, चढ छातीवर येतो एवढंच. नवव्यापासून मात्र रस्ता डोंगराच्या उघड्या धारेवरून जातो. दोन्ही बाजूंना दरी, आणि कठडा फक्त नवव्या वळणावर, तोही गुडघ्याएवढ्या लोखंडी पाइपाचा. म्हणून दोघांत ठरलं होतं: वारा ताशी तीस किलोमीटरच्या वर असेल त्या दिवशी चढायचं नाही. वर्षभरात तिने त्याला अकरा वेळा खालीच थांबवलं. त्याने एकदाही हुज्जत घातली नाही.

"तुम्ही आकडा सांगितला की विषय संपला," तो म्हणायचा.

एकदा तिने विचारलं, "सायकलला कुलूप नाही लावत?"

"इथं कोण चोरणार?"

"वारा."

पुढच्या खेपेला तो जाडजूड साखळीचं कुलूप घेऊन आला. तेव्हापासून दर वेळी अंगणातल्या खांबाला सायकल बांधायची, किल्ली तिच्यासमोर नाचवायची आणि म्हणायचं, "सांगा तुमच्या चोराला."

आता केंद्रावर आपोआप नोंदी घेणारं यंत्र बसलं होतं. तिची बदली झाली होती, दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब. आजची जीप तिलाच न्यायला येणार होती. छत्तीस सांगितलं असतं तर चष्मा टपालानेही आला असता. त्याला जे बोलायचं होतं, ते टपालाने आलं नसतं. आणि गेले चार दिवस सातनंतर वारा पडत होता. आजही पडेल, असं ती धरून चालली.

सव्वासातला काटा एक्केचाळीसवर होता. तिने त्याच्या मोबाइलवर फोन केला. लागला नाही. चढताना तो मोबाइल पिशवीत टाकायचा, आणि झाडीत रेंज नसायचीच. पावणेआठला अठ्ठेचाळीस. तिने पुन्हा लावला, मग पुन्हा.

आठ वाजून पाच मिनिटांनी पाण्याचा टँकर वर आला. ड्रायव्हर दार दोन्ही हातांनी धरूनच उतरला.

"ताई, तुमचा चष्मेवाला येतोय. सातव्या वळणावर मागे टाकलं त्याला. शीळ घालत होता."

"थांबवलं नाहीत?"

"मी कशाला थांबवू? मीच म्हटलं, वर वारा बेकार असेल आज. तर म्हणाला, सव्वीस आहे, विचारून निघालोय."

केंद्राची रखवाली, स्वयंपाक आणि वायरलेस असं सगळं सांभाळणारे काका दारात उभे होते. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय झालं, पोरी?"

"मी सांगितलं सव्वीस."

"होता किती?"

"छत्तीस."

काकांनी टेबलावरची वही पाहिली. साडेसहाच्या रकान्यात छत्तीसच होतं. वहीत खोटं लिहायला तिचा हात धजला नव्हता. फोनवर जीभ धजली होती.

"मी येते," ती म्हणाली.

"साडेआठची नोंद कोण घेणार? आणि तो वर आला तर इथं कुणी नको?" काकांनी जाकीट चढवलं, हातात धरायचा छोटा वायरलेस उचलला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "वळव गाडी."

साडेआठला तिने लिहिलं: चोपन्न. सर्वांत जोराचा झोत त्रेसष्ट. आकडे नेहमीच्याच वळणदार अक्षरात उमटले, याचा तिला राग आला. खिडकीची काच चौकटीत खडखडत होती. अंगणातल्या खांबाजवळची मोकळी जागा ती बघत राहिली. तो वर आला की पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते तिने ठरवलं. मी खोटं बोलले. मग ते बदललं. मला तुम्हाला बघायचं होतं. मग दोन्ही सोडून दिली. तो नुसता आला असता तरी चाललं असतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी टेबलावरचा वायरलेस खरखरला.

"सायकल सापडली," काकांचा आवाज आला. "नववं वळण."

"पडलीय?"

"नाही. कठड्याच्या पाइपाला बांधलीय. कुलूप घातलंय."

"पिशवी आहे? हँडलला असते..."

"नाही. पिशवी घेऊन पायी निघालेला दिसतोय."

"आणि तो?"

"आम्ही उतरलो तेव्हा धारेवर ढग होता, पोरी. गाडीचं नाकसुद्धा दिसत नव्हतं. रस्त्यावर आम्हाला कुणी भेटलं नाही."

वहीतली शेवटची नोंद नऊ वाजून बारा मिनिटांची आहे: वारा अठ्ठावन्न, धारेवर ढग, सायकल नवव्या वळणावर, कुलूपबंद.