सात नंबरचे आकडे

पाण्याची बाटली विसरले म्हणून मी प्रयोगशाळेत परत गेले आणि तो दचकला. पडद्यावर माझा आलेख होता... त्याने चटकन बंद केला.

“काय बघत होतास?”

“काही नाही — मशीन तपासत होतो.”

मशीन म्हणे! कान लाल झाले होते त्याचे.

मॅडम खेळाडूंच्या दुखापतींवर संशोधन करत होत्या, आणि मदतीला कॉलेजातले खेळाडूच घेतले होते. मी आठशे मीटर धावणारी. तो फुटबॉलचा गोलकीपर, मशीन तोच सांभाळायचा. सगळे त्याला ‘भिंत’ म्हणत. जमिनीत बसवलेल्या, भार मोजणाऱ्या पाटीवर उडी मारून उतरायचं, की कोणत्या पायावर किती भार पडला ते पडद्यावर दिसायचं. तक्त्यात नावं नव्हती, नुसते नंबर. मी सात.

“उद्या येशील? दोन उड्या राहिल्यात.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी म्हणे वायर सैल होती.

“लाइन मारतोय गं तुझ्यावर,” मैत्रीण हसली.

मला मात्र वेगळीच शंका. पंधरा दिवस माझा डावा गुडघा दुखत होता आणि शनिवारी निवड चाचणी होती. आईलासुद्धा बोलले नव्हते. आणि हा रोज आमच्या कोचसरांशी कॅन्टीनच्या कोपऱ्यात हळू आवाजात बोलत बसायचा! माझे आकडे पुरवतोय, दुसरं काय... तरी बुटाशेजारी खुणेची पट्टी लावताना तो खाली वाकून “नीट उभी आहेस ना?” असं विचारायचा, तेव्हा माझा राग कुठे जायचा कोण जाणे.

गुरुवारी मॅडमच्या तक्त्यात सात नंबरची ओळ कोरी दिसली. मी तडक मैदानावर गेले.

“माझे आकडे कुठे गेले?”

तो हातमोजे काढत होता. “माझ्या वहीत आहेत.”

“सरांना दाखवायला?”

“तुला दाखवायला.”

त्याने वही उघडली. बारा उड्या, बाराही वेळा डाव्या पायावर भार कमी.

“एकदा चूक होऊ शकते, म्हणून पुन्हा पुन्हा बोलावलं. दुखतोय ना?”

माझे डोळे भरून आले. “शनिवारपर्यंत... बदलून टाक ना.”

“खोटा आकडा नाही लिहिणार. तू माझ्याशी बोलणं बंद केलंस तरी. उद्या मॅडमना द्यावेच लागतील. सरांना मात्र मी काही सांगणार नाही. ते तू ठरव.”

“मग रोज काय कुजबुजता?”

“मामा आहे तो माझा. आईच्या तब्येतीचं विचारतो.”

“आणि हे आत्ता सांगतोस?”

“तू विचारलंस कधी? नुसती डोळे वटारायचीस!”

शुक्रवारी मीच सरांपुढे उभी राहून गुडघ्याचं सांगितलं. आधी ते ओरडले, मग स्वतः मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. गुडघ्यातल्या गादीला बारीक चीर होती. “अजून आठवडाभर धावली असतीस तर ऑपरेशनच होतं,” डॉक्टर म्हणाल्या. सहा आठवडे विश्रांती.

शनिवारी माझ्या शर्यतीचा इशारा झाला, तेव्हा मी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसले होते. बघवेना. तो येऊन शेजारी बसला.

शर्यत संपल्यावर म्हणाला, “मला तू आवडतेस. हे... कुठल्या तक्त्यात नाही.”

“आतापर्यंत किती जणींना सांगितलंस?”

“एकीला. तिचाही विश्वास बसत नाहीये.”

मला हसू आवरेना. “हात दे. उतरायचंय.”

पायऱ्या चारच होत्या. हात मात्र मी फाटकापर्यंत सोडला नाही.