घर काय सांगतं

आगीची चौकशी करणारे साहेब शेजाऱ्यांना आधी कधीच विचारत नसत. जळक्या घरात शिरायचं, उरलंसुरलं बघायचं आणि इथं किती माणसं राहत होती ते सांगून मोकळं व्हायचं. चपलांच्या झिजलेल्या टाचा, दात घासायचे ब्रश, उशीतले खड्डे. शितावरून भाताची परीक्षा! तेवीस वर्षांत आकडा एकदाही चुकला नव्हता, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

एका रविवारी चहा गाळता गाळता बायको म्हणाली, "अहो साहेब, आपल्याकडे किती माणसं राहतात, सांगा बघू!"

त्यांनी खुर्चीतूनच नजर फिरवली. दारात चपलांचा एकच जोड, तिचा दुरुस्तीला गेलेला. ब्रश एकच, तिचा जुना तिनं कालच फेकलेला. तिची उशी गच्चीत उन्हाला. टेबलावर एक कप, दुसरा तिच्या हातात.

"एक," ते म्हणाले. दोघंही पोट धरधरून हसली.

सोमवारी चपला शिवणारा म्हणाला, "बाईंच्या? माझ्याकडे नाही बुवा आल्या." गच्चीत उशीही नव्हती. वाऱ्यानं गेली असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं. गुरुवारी बायकोनं कपाट उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिच्या कपड्यांच्या कप्प्यात नुसती धूळ होती. साहेबांनी बोट फिरवून पाहिलं. धूळ कित्येक वर्षांची होती.

"शब्द मागे घ्या हो," ती म्हणाली. "बोलाफुलाला गाठ पडली असेल, पण घ्या."

"घेतला! शंभरदा घेतला! दोन माणसं राहतात इथं, दोन!"

त्याच संध्याकाळी त्यांनी नव्या चपला, ब्रश, उशी, सगळं आणलं. तिनं सगळं वापरलंही, त्यांच्या डोळ्यांदेखत. पण सकाळी ब्रश कोरडा ठणठणीत, उशी फुगलेली, चपलांचे तळ दुकानातल्यासारखे कोरे. मेली ती नजर! दुसऱ्या कुणाला फसवता आलं असतं, स्वतःच्या नजरेला कसं फसवणार? या बाईवाचून आपण एक दिवसही काढू शकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांचे डोळे मात्र मुकाट मोजत होते.

शेवटी त्यांनी शेजारणीचं दार ठोठावलं. "वहिनी, माझी बायको... तुम्ही तिला पाहिलंय ना?"

शेजारीण गोंधळली. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, एकट्यानं राहून माणसाला होतं असं कधी कधी. जेवलात का?"

ते घरी आले. बायको दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती रडायला लागली. हुंदक्यानं तिचं अंग गदगदत होतं. त्यांनी तिला घट्ट धरलं. दुपार उलटून गेली.

"बघा," ती म्हणाली, "तुमचा शर्ट भिजला असेल. हा तरी पुरावा होईल ना?"

त्यांनी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला.

"ओला आहे ना हो?"

शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

"ओला आहे," साहेब म्हणाले. "चिंब झालाय अगदी."

जन्मात पहिल्यांदाच त्यांनी खोटं निदान दिलं होतं. ते ऐकायला खोलीत कुणी नव्हतं.